पंधराव्या वर्षी जीव लावलेला चित्रपट चाळिशीत कसा पाहावा

शाळा-कॉलेजच्या वयात वेड लावलेला चित्रपट वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा पाहायला बसलेली माणसे बहुधा दोनच निष्कर्षांवर उतरतात. एक तर ‘आमच्या वेळचे चित्रपट ते चित्रपट’, नाही तर ‘हे असले काही आपल्याला आवडत होते तरी कसे’. दोन्ही निष्कर्ष पहिल्या अर्ध्या तासातच ठरतात आणि उरलेला वेळ त्यांच्यासाठी पुरावे गोळा करण्यात जातो. थोडी पूर्वतयारी केली आणि काही पथ्ये पाळली, तर त्याच तीन तासांतून याहून पुष्कळ अधिक हाती लागते. येथे ती तयारी आणि ती पथ्ये सांगितली आहेत. उदाहरणे मुख्यतः गोव्यातल्या मराठी प्रेक्षकाच्या पाहण्यातली घेतली आहेत, कारण म्हापशाचे अलंकार, पणजीचे सम्राट-अशोक, फोंड्याचे आयेशा आणि मडगावचे विशांत या चित्रपटगृहांत आमच्या पिढीने जे पाहिले, त्यात हिंदी पडद्यावरचा गोवाही होता आणि त्याच्याकडे आता नीट पाहण्याची वेळ आली आहे.

निवड करताना थोरामोठ्यांनी नावाजलेला चित्रपट घेऊ नये. ज्याच्यापायी आपण काही तरी केले तो घ्यावा, म्हणजे ज्याच्यामुळे केस तसे कापून घेतले, सायकलच्या दांड्यावर कोणाचे तरी नाव कोरले, वहीच्या शेवटच्या पानावर गाणी उतरवून काढली, किंवा ज्याच्या शेवटी रडू आलेले लपवण्यासाठी दिवे लागण्याआधी बाहेर पडलो. असा चित्रपट सामान्य दर्जाचा असला तरी चालेल. त्याने आपल्यावर काम केले आहे हे नक्की असते, आणि आपल्याला तेच तपासायचे असते.

आधी आठवण कागदावर

या साऱ्या खटाटोपातली सर्वांत महत्त्वाची पायरी चित्रपट लावण्यापूर्वीची आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. चित्रपट पाहण्याच्या निदान एक दिवस आधी एक कोरा कागद घ्यावा आणि आपल्याला तो चित्रपट जसा आठवतो तसा लिहून काढावा. कथा दहा-बारा ओळींत लिहावी; डोळ्यांपुढे आजही उभे राहतात ते प्रसंग शक्य तितक्या तपशिलाने, कोणी कोणते कपडे घातले होते, कोण कोणाला काय म्हणाले, पाऊस होता की ऊन, इथपर्यंत लिहावेत; कोण आवडले आणि कोणाचा राग आला हे लिहावे; शेवट कसा झाला हेही लिहावे. त्याखाली तो कोणाबरोबर, कोठे आणि घरी काय सांगून पाहिला याची नोंद करावी. हे लिहिताना इंटरनेटवर काहीही शोधू नये, गाणी ऐकू नयेत, आणि नावे आठवली नाहीत तर ‘तो उंच मुलगा’, ‘तिची मैत्रीण’ एवढेच लिहून पुढे जावे. शोधून भरलेली नोंद निरुपयोगी असते, कारण तिच्यातले आपले किती आणि पडद्यावरचे किती हे नंतर निवडता येत नाही.

एकदा चित्रपट पुन्हा पाहिला की जुनी आठवण नव्या पाहण्यात विरघळून जाते आणि ‘मला हे असेच आठवत होते’ असे माणूस अगदी प्रामाणिकपणे सांगू लागतो. कागदावरची नोंद मात्र बदलत नाही. तिच्यात आणि पडद्यावर दिसणाऱ्या चित्रपटात जेथे जेथे फरक पडतो, तेथे आपल्या पंधराव्या-सोळाव्या वर्षाचा ठसा सापडतो. माझ्या मते पुन्हा पाहण्याचे खरे फळ या फरकातच असते. चित्रपट चांगला की वाईट हा प्रश्न त्यामानाने किरकोळ आहे.

गोव्यातल्या वाचकाला हे पडताळून पाहण्यासाठी फरहान अख्तर यांचा 2001 सालचा ‘दिल चाहता है’ फार सोयीचा आहे. शापोऱ्याच्या किल्ल्यावर, हणजूण-वागातोरच्या वाटेने, पर्यटकांची जी रीघ लागते ती या चित्रपटातील तीन मित्रांच्या एका प्रसंगामुळे, हे येथे लहान मुलालाही ठाऊक आहे. गोव्यात वाढलेल्या कोणालाही या चित्रपटाची आठवण लिहायला सांगितली, तर किल्ला, समुद्र आणि गाडीचा प्रवास यांनी अर्धा कागद भरतो. प्रत्यक्षात गोव्याचा भाग चित्रपटाच्या पूर्वार्धात येतो आणि संपतोही लवकर. बाकी कथा मुंबईत आणि सिडनीत घडते, मैत्री तुटते ती एका मित्राने दुसऱ्याच्या प्रेमाची थट्टा केल्यामुळे, आणि ते प्रेम असते वयाने मोठ्या, घटस्फोटित, दारूच्या आहारी गेलेल्या तारा नावाच्या स्त्रीवरचे. नोंदीत ताराला एक ओळ मिळाली की अर्धा परिच्छेद, यावरून आपण त्या वयात काय पाहायला तयार होतो आणि काय नव्हतो, याचा चांगला अंदाज येतो.

प्रत, वेळ आणि सोबत

प्रतीबद्दल दोनच गोष्टी तपासाव्यात. मोठ्या पडद्यासाठी रुंद चौकटीत चित्रित केलेले जुने चित्रपट दूरचित्रवाणीसाठी आणि व्हिडिओ कॅसेटसाठी दोन्ही बाजूंनी कापले जात, आणि तशाच कापलेल्या प्रती आजही इंटरनेटवर फिरताना आढळतात. त्यांत चौकटीच्या कडेला उभे असलेले पात्र दिसतच नाही. दुसरी गोष्ट लांबीची. त्या काळचा हिंदी चित्रपट सहसा अडीच ते सव्वातीन तासांचा असे; हाताशी आलेली प्रत दोन तासांत संपत असेल, तर गाणी किंवा आईवडिलांचे प्रसंग कापलेले आहेत असे समजावे. आईवडिलांचे प्रसंग कापलेली प्रत आपल्या कामाची नाही.

आपला चित्रपट मध्यंतर डोळ्यांपुढे ठेवून रचलेला असतो, म्हणून घरी पाहतानाही मध्यंतर घ्यावे, आणि ते चित्रपटात जेथे लिहून येते तेथेच घ्यावे. त्या दहा मिनिटांत चहा करावा आणि पुढे काय होणार असे वाटते ते दोन ओळींत लिहावे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. मधे मधे थांबवून आणि मागे नेऊन पाहू नये. चित्रपटगृहात ती सोय नव्हती, आणि एखादा रटाळ प्रसंग सहन करणे हाही पाहण्याचाच भाग आहे.

पहिल्या वेळेस शक्य झाले तर ज्यांच्याबरोबर तो चित्रपट तेव्हा पाहिला त्यांच्याबरोबरच बसावे. यासाठी चवथीच्या दिवसांसारखा दुसरा मुहूर्त नाही. मुंबई-पुण्याला आणि आखातात गेलेली चुलत-आते-मामे भावंडे मूळ घरी एकत्र जमलेली असतात, रात्रीची आरती आटोपल्यावर कोणाला झोप नसते, आणि गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून पत्ते कुटण्यापेक्षा हे नक्कीच बरे. अट एवढीच की प्रत्येकाने आपापली आठवण आधी लिहून आणावी आणि चित्रपट संपेपर्यंत ती कोणाला दाखवू नये. भाऊ आणि बहीण यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की एकाच बाकावर बसून दोघांनी दोन निराळे चित्रपट पाहिले होते की काय, असा प्रश्न पडतो. नायकाने नायिकेची वाट अडवल्याचा प्रसंग भावाच्या कागदावर गंमत म्हणून येतो. बहिणीच्या कागदावर पुष्कळदा तो नसतोच, कारण तसला प्रकार रोज बसस्टँडवर घडत असल्यामुळे त्यात लक्षात ठेवण्यासारखे तिला काही वाटलेले नसते.

बाजू बदलून पाहणे

पहिल्यांदा पाहताना काहीही ठरवू नये. हसू आले तर हसावे, गाणे आले तर म्हणावे. नोंदवही दुसऱ्यांदा पाहताना काढावी, आणि दोन पाहण्यांत निदान आठवडा जाऊ द्यावा. दुसऱ्यांदा नायकनायिकांना सोडून एखाद्या दुय्यम पात्राचा हात धरावा आणि संपूर्ण कथा त्याच्या बाजूने पाहावी. हे कसे करायचे ते एका चित्रपटाच्या आधाराने सविस्तर सांगतो.

मन्सूर खान यांचा ‘जो जीता वही सिकंदर’ 1992 साली आला तेव्हा जे आठवी ते बारावीत होते, त्यांच्यापैकी फार थोड्यांना तो पाठ नसेल. डेहराडूनमधील श्रीमंतांचे राजपूत कॉलेज आणि गावातल्या साध्या मुलांचे मॉडेल कॉलेज, दरवर्षीची सायकल शर्यत, कॅफे चालवणाऱ्या रामलालचे दोन मुलगे, त्यांपैकी थोरला रतन गुणी आणि धाकटा संजू उनाड. रतन घातपाताने जायबंदी होतो, संजू त्याच्या जागी शर्यतीत उतरतो आणि जिंकतो. आठवणीच्या नोंदीत देविका ही नायक गरीब आहे हे कळताच त्याला झिडकारणारी आणि म्हणून वाईट मुलगी असते, आणि गॅरेजवाल्याची अंजली मुकाट्याने प्रेम करणारी म्हणून चांगली.

आता देविकेच्या बाजूने पाहावे. संजूने तिला आपले कॉलेज आणि घरची श्रीमंती सारे खोटे सांगितलेले असते. खोटे उघडे पडल्यावर तिने त्याच्याशी संबंध तोडले, तर यात तिचा अपराध नेमका कोणता? ती पैशाला भुलणारी आहे हे चित्रपट दाखवतो आणि ते खरेही आहे. परंतु फसवणूक झाली ती तिची, आणि प्रेक्षकाची सहानुभूती जाते फसवणाऱ्याकडे. पंधराव्या वर्षी हे आपल्याला खटकले नाही, याचे कारण आपण सगळे मॉडेल कॉलेजचे होतो. पणजीतल्या मोठ्या इंग्रजी शाळांतील मुलांसमोर गावातल्या मराठी शाळेच्या मुलांना जे वाटत असे, त्याला त्या चित्रपटाने चेहरा दिला होता, आणि त्या वाटण्याच्या भरात संजूला सात खून माफ होते.

आता ‘पहला नशा’ हे गाणे लावावे. मजरूह सुलतानपुरी यांचे शब्द, जतिन-ललित यांचे संगीत, आणि मंदगतीत चाललेले ते प्रसिद्ध चित्रीकरण आठवणीत पक्के असते, पण आठवणीत ते संजू आणि देविका या दोघांचे गाणे असते. पडद्यावर तिघे आहेत. संजू देविकेची स्वप्ने पाहतो आहे आणि त्याच वेळी, त्याच चालीवर, अंजली संजूची स्वप्ने पाहते आहे. पुढे होणारा सगळा मनस्ताप त्या गाण्यात आधीच मांडून ठेवला आहे, आणि दिग्दर्शकाने तो लपवलेलाही नाही. आवाज बंद करून हे गाणे एकदा पाहिले की कोणाचा चेहरा किती वेळ आणि कोणानंतर येतो हे स्वच्छ दिसते. गाणे प्रिय असेल तर त्याचे चित्र वेगळे काढून पाहणे हा उपाय कोणत्याही जुन्या चित्रपटाला लागू पडतो.

शेवटी रामलालच्या बाजूने पाहावे, आणि चाळिशीतल्या माणसाला यासाठी फारसे प्रयत्न करावे लागत नाहीत. तेव्हा तो अडथळा होता, सतत ओरडणारा बाप होता. आता कॅफेचा गल्ला, थोरल्यावरचा भरवसा आणि धाकट्याची धास्ती यांचा हिशेब आपोआप मनात सुरू होतो. दोन मुलांत डावे-उजवे करणारा बाप म्हणून त्याचा दोषही आता दिसतो, जो त्या वयात फक्त धाकट्या भावांना दिसला होता.

मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवर सुजय डहाके यांनी केलेला ‘शाळा’ 2012 साली प्रदर्शित झाला. तो नववी-दहावीत पाहिलेले वाचक आता तिशीकडे झुकले असतील. त्यांनी बाजू बदलण्याबरोबर पार्श्वभूमीकडेही लक्ष द्यावे. कथा आणीबाणीच्या काळातली आहे, आणि नववीतल्या मुलाला ती जेवढी कळते तेवढीच चित्रपटात दिसते.

खटकणाऱ्या गोष्टींचे काय करावे

जुन्या चित्रपटांत खटकण्यासारखे पुष्कळ सापडते, आणि ते सापडताच चित्रपट मोडीत काढण्याची घाई होते. पाठलागाचेच घ्या. मुलीच्या मागे मागे फिरणे, तिने नाही म्हटले तरी पुन्हा पुन्हा वाट अडवणे, याला भारतीय दंडविधानात स्वतंत्र गुन्ह्याचे स्थान 2013 च्या दुरुस्तीने मिळाले, आणि आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. त्याआधीच्या कित्येक चित्रपटांत हीच प्रेमाची पहिली पायरी होती. कायदा नव्हता म्हणून ते वागणे योग्य ठरत नाही, आणि आता कायदा आहे म्हणून तेव्हाचा सगळा चित्रपट गुन्हेगार ठरत नाही. अशा वेळी एक साधी कसोटी लावावी: चित्रपटातल्या कोणाला तरी ते खटकते का? एखादी मैत्रीण, एखादी आई, खुद्द ती मुलगी त्याबद्दल काही बोलते का, आणि बोलली तर चित्रपट तिचे ऐकतो की तिच्यावर हसतो? जेथे कोणालाच काही खटकत नाही तेथे तो त्या काळाचा रिवाज होता असे धरावे. जेथे कोणी तरी हरकत घेते आणि चित्रपट तिला उडवून लावतो, तेथे जबाबदारी लेखक-दिग्दर्शकाची.

के. बालचंदर यांच्या ‘एक दूजे के लिए’ला (1981) ही कसोटी लावून पाहावी. गोव्यात शेजारी राहणारी एक तमिळ आणि एक उत्तर भारतीय कुटुंबे, भाषेपायी त्यांचे वैर, आणि मुलांनी एक वर्ष एकमेकांना भेटायचे नाही असा करार. तरुणपणी सगळ्यांना नायक-नायिकेची शेवटची उडी आठवत असे आणि तीच प्रेमाची परमावधी वाटे. आता उठून दिसतो तो नायिका सपनाच्या मागे लागलेला पुस्तकांच्या दुकानातला माणूस. त्याची वासना चित्रपटाने सुरुवातीपासून धोका म्हणूनच रंगवली आहे आणि तिचा शेवट भयंकर होतो, म्हणजे पाठलागात विष आहे हे दिग्दर्शकाला पक्के माहीत होते. नायकाच्या पाठलागाला मात्र सवलत आहे. दोघांच्या वागण्यात फरक कोठे सुरू होतो, हे शोधत पाहिले तर हा चित्रपट आजही चांगलाच विचार करायला लावतो. शेवटच्या मृत्यूंना सौंदर्याचा मुलामा दिला आहे, हे मात्र मला आता सहन होत नाही, आणि घरातल्या कोवळ्या वयाच्या मुलांना हा चित्रपट एकट्याने पाहू देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याच पडद्याबद्दल ही पंचाईत होते असे नाही. 1985 सालच्या ‘द ब्रेकफास्ट क्लब’ या अमेरिकी चित्रपटात काम केलेल्या मॉली रिंगवाल्ड हिने 2018 मध्ये, आपल्या लहान मुलीबरोबर तो पुन्हा पाहिल्यानंतर, एक दीर्घ लेख लिहिला. स्वतः ज्यात काम केले, ज्याने नाव दिले, त्यातलेच काही प्रसंग तिला आता अस्वस्थ करतात आणि तरीही त्या चित्रपटांनी एकाकी मुलांना दिलेला आधार ती नाकारत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवण्याचा तो चांगला नमुना आहे.

गोव्यातल्या प्रेक्षकाने आणखी एका गोष्टीची नोंद वेगळ्या रकान्यात करावी: पडद्यावरचा गोवा कोणाचा आहे? ‘एक दूजे के लिए’मध्ये कथा गोव्यात घडते आणि तिच्या केंद्रात असलेली दोन्ही घरे बाहेरची आहेत. राज कपूर यांच्या ‘बॉबी’त (1973) नायिका ब्रगांझा घराण्यातली, बाप जॅक हा मासेमारी करणारा, मोठ्याने हसणारा, मोठ्याने पिणारा. त्या काळी पडद्यावर गोंयकार दिसला याचेच अप्रूप होते आणि ‘घे घे रे साहिबा’ सुरू होताच थिएटरात शिट्ट्या पडत. आता पाहताना प्रश्न पडतो की हिंदी पडद्यावरच्या ख्रिस्ती गोवेकराच्या हातात बाटली असलीच पाहिजे हे कोणी ठरवले, आणि शेजारच्या वाड्यावरच्या आपल्या ख्रिस्ती मित्राला तेव्हा काय वाटले असेल हे आपण कधी विचारले का. विचारावे, त्याचीही नोंद आपल्या नोंदीशेजारी ठेवावी. तरीही जॅकला निव्वळ विदूषक करून चित्रपट थांबत नाही. नायक राजचे श्रीमंत वडील नाथ हे जॅकवर मुलीच्या रूपाचे भांडवल केल्याचा आरोप करून पैसे पुढे करतात, त्या प्रसंगात जॅकच्या भूमिकेत अपमान गिळणारा बाप म्हणून प्रेमनाथ यांनी जे केले आहे, ते सोळाव्या वर्षी नजरेआड होते, कारण तेव्हा डोळे राज आणि बॉबी आता काय करतील याकडे लागलेले असतात.

‘बॉबी’ आणि ‘दिल चाहता है’ लागोपाठ दोन रात्री पाहावेत, असे मी आवर्जून सुचवतो. पहिल्यात डिंपल कपाडिया सोळा वर्षांची आहे. दुसऱ्यात, अठ्ठावीस वर्षांनी, तीच तारा आहे. एका पिढीने जिच्यासाठी शिट्ट्या मारल्या, तिच्यावर पुढच्या पिढीतल्या तरुणाने प्रेम केले तर त्याच्या आईला आणि मित्रांना ते ऐकवत नाही. हा जोड दिग्दर्शकाने किती जाणून साधला असेल ते असो, प्रेक्षकाला तो विनासायास मिळतो.

मुलांबरोबर पाहताना

आपल्या वयात आलेल्या मुलांना तो चित्रपट दाखवायचा असेल तर आधी आपण एकट्याने एकदा पाहून घ्यावा. सेन्सॉरच्या जुन्या प्रमाणपत्रावर विसंबू नये. 2023 च्या कायदादुरुस्तीने ‘यूए’ वर्गाचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन भाग केले, पण जुने चित्रपट जुन्याच प्रमाणपत्रासह समोर येतात. पाहताना ‘आता बघ हं’ असे म्हणू नये, गाणी बरोबरीने म्हणू नयेत, आणि मुले आपल्या आवडत्या प्रसंगावर हसली तर रागावू नये. कशावर हसली ते लिहून ठेवावे. पुष्कळदा ती हसतात ते कपड्यांवर आणि केसांवर, आणि ज्या गोष्टीची आपल्याला भीती असते ती त्यांना खटकतही नाही. मग त्यावर बोलण्याची वेळ आपली. बोलणे त्याच रात्री उरकू नये. दुसऱ्या दिवशी, जेवताना, ‘देविकेचे काय चुकले?’ एवढा एकच प्रश्न टाकावा आणि उत्तर पुरे होईपर्यंत गप्प बसावे.

एखादा चित्रपट पहिल्या तासातच असह्य झाला तर बंद करावा. मात्र कोणत्या प्रसंगाला बंद केला ते नोंदीखाली लिहावे आणि सहा महिन्यांनी तेथूनच पुढे लावून पाहावा. सर्व नोंदी एकाच वहीत, तारखेसह ठेवाव्यात. पुढच्या चित्रपटाची निवड आपण करू नये. नवऱ्याने बायकोच्या, बायकोने नवऱ्याच्या किंवा भावाने बहिणीच्या आठवणीतला चित्रपट घ्यावा आणि जिच्या किंवा ज्याच्या आवडीचा आहे त्या माणसाची नोंद चित्रपट संपल्यावरच वाचावी.